जॉर्डन की लेब्रॉन? आधी जुनी वही उघडा

परवा संध्याकाळी आमच्या गावातल्या बास्केटबॉल कोर्टावर (कोर्ट म्हणजे काय, सिमेंटचा कोबा आणि दोन खांब, एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही) अकरावी-बारावीच्या पोरांची चांगलीच जुंपली होती. जॉर्डन मोठा की लेब्रॉन? दोन्ही पार्ट्या मोबाईल काढून एकमेकांच्या तोंडावर आकडे नाचवत होत्या. त्यातल्या एकाने मला मध्ये ओढलं, "सर, तुम्ही पेपरवाले ना, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, तोंडी नको, लिहून सांगतो. तर मंडळी, हे ते लिखाण. लांबलंय, आधीच सांगून ठेवतो. बास्केटबॉलमध्ये रस नसेल त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे पुढे मामला पगार, पेन्शन आणि नोंदवहीचा होतो, आणि तो आपल्याकडे घरोघरी कळतो.

सुरुवात अलीकडून करू. ७ फेब्रुवारी २०२३, लॉस एंजेलिस. लेब्रॉन जेम्सने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. खेळ थांबवला गेला. पंच्याहत्तरीतला करीम स्वतः मैदानाशेजारी बसलेला, त्याने उठून लेब्रॉनच्या हातात चेंडू दिला. करीमने हा विक्रम ५ एप्रिल १९८४ ला विल्ट चेंबरलेनकडून घेतला होता, विल्टचे गुण होते ३१,४१९. पुढे २ मार्च २०२४ ला लेब्रॉनने ४०,००० चा टप्पाही ओलांडला. लेब्रॉनवाल्या पोरांचा मुख्य मुद्दा हाच. चाळीस हजार! विषय संपला.

आता माझा पहिला प्रश्न. लेब्रॉन एनबीएत आला तेव्हा त्याचं वय १८. शाळा सुटली, थेट व्यावसायिक मैदानात, साल २००३. करीम आला १९६९ मध्ये, बाविसाव्या वर्षी. कारण तेव्हा नियमच होता की शाळा संपल्यावर चार वर्षं जाईपर्यंत कुणाला एनबीएत घ्यायचं नाही. त्या वर्षांत करीम (तेव्हाचं नाव लू अल्सिंडर) यूसीएलए या विद्यापीठाला ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देत होता, फुकट. विल्ट तर तेविसाव्या वर्षी आला. कॉलेज मध्येच सोडलं, पण एनबीए घेईना, म्हणून एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर खेळून काढलं.

मग लेब्रॉनसाठी दार कुणी उघडलं? स्पेन्सर हेवूड नावाच्या माणसाने. मिसिसिपीतला, लहानपणी शेतात कापूस वेचलेला. १९७० मध्ये सिएटलच्या संघाने त्याला मुदत संपण्याआधीच करारबद्ध केलं, एनबीएने हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मैदानावर उतरला की लाउडस्पीकरवरून सांगायचे, आज एक बेकायदा खेळाडू मैदानात आहे. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. केविन गार्नेट, कोबी ब्रायंट, लेब्रॉन ही सगळी मंडळी शाळेतून थेट आली ती त्या निकालाच्या वाटेने. करीमला ती वर्षं मिळाली असती तर त्याच्या ३८,३८७ चे किती झाले असते, याचा हिशोब पोरांनी स्वतः करावा.

आता विल्टकडे येतो, कारण आकड्यांच्या भांडणात विल्ट चेंबरलेन आला की सगळ्यांची दातखीळ बसते. २ मार्च १९६२. (तारीख बघा. लेब्रॉनच्या चाळीस हजारांचीही तीच, बासष्ट वर्षांनंतर.) पेन्सिल्व्हेनियात हर्शी नावाचं गाव आहे, चॉकलेटच्या कारखान्याचं. तिथे फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स यांचा सामना. विल्टने एका सामन्यात १०० गुण केले. फ्री थ्रोमध्ये कायम रडणारा हा गडी त्या रात्री ३२ पैकी २८ टाकून गेला. प्रेक्षक होते ४,१२४. टीव्हीचा कॅमेरा? नव्हता. त्या सामन्याची फिल्म आज जगात कुठेही नाही. आहे तो एक फोटो, विल्टच्या हातात कागद आणि कागदावर हाताने लिहिलेलं '१००'. तो आकडा लिहिला हार्वी पोलॅक या संघाच्या प्रसिद्धीवाल्याने. हा पठ्ठ्या त्याच रात्री एक वर्तमानपत्र आणि दोन वृत्तसंस्था यांच्यासाठीही बातमी पाठवत होता! तालुक्याच्या ठिकाणी एकाच माणसाने तीन पेपरांना बातमी देण्याचा प्रकार आम्हाला नवा नाही, त्यामुळे हे वाचून मला फार आपलेपणा वाटला.

त्या हंगामात विल्टची सरासरी होती सामन्याला ५०.४ गुण. आजच्या पोरांना सांगितलं तर थट्टा वाटते. त्याच हंगामात ऑस्कर रॉबर्टसनने सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट असा अख्खा हंगाम काढला. पुढची पंचावन्न वर्षं कुणालाही ते जमलं नाही, २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकला जमलं.

पण थांबा. जुन्यांचा वकील म्हणून उभा राहिलो असलो तरी खोटी साक्ष देणार नाही. १९६१-६२ मध्ये एक संघ एका सामन्यात सत्तरच्या आसपास रिबाउंड घ्यायचा, आज ४४ च्या आसपास. कारण साधं आहे. तेव्हा धावपळ जास्त, फेकी जास्त आणि चुकणाऱ्या फेकीही जास्त. शंभरातल्या बेचाळीस-त्रेचाळीस आत जायच्या, आज सत्तेचाळीसच्या आसपास जातात. चेंडू जितका चुकेल तितके रिबाउंड वाढणारच. त्यात संघ एकूण नऊ. आज तीस संघ आहेत आणि अमेरिकेबाहेरचे सव्वाशेच्या आसपास खेळाडू आहेत. सर्बियाचा योकिच, ग्रीसचा यानिस, स्लोव्हेनियाचा डॉन्चिच. विल्टला रोज यांच्याशी झुंजावं लागलं नाही. म्हणून नुसते आकडे समोरासमोर ठेवणं म्हणजे खपलीचा उतारा आणि आजच्या सुधारित गव्हाचा उतारा एकाच तराजूत टाकण्यासारखं. पाऊस वेगळा, जमीन वेगळी, खत वेगळं.

नियमही तसेच, एकाच जागी राहिले नाहीत. रिंगखालचा पट्टा पूर्वी फक्त ६ फूट रुंद होता. जॉर्ज मायकन नावाचा उंच माणूस तिथे उभा राहून सगळ्यांना भारी पडू लागला म्हणून १९५१ मध्ये तो १२ फूट केला. मग विल्ट आला म्हणून १९६४ मध्ये १६ फूट. म्हणजे एका माणसाला आवरायला मैदानावरची रेघ हलवली! नोव्हेंबर १९५० मध्ये एक सामना १९-१८ असा संपला, कारण एका संघाने चेंडू दाबूनच ठेवला. त्याच रोगावर १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. थ्री पॉइंटर एनबीएत आला १९७९ मध्ये. लॅरी बर्ड त्याच्या काळातला पट्टीचा नेमबाज, त्याने अख्ख्या कारकिर्दीत तीन गुणांच्या ६४९ फेकी टाकल्या. स्टीफन करीने २०१५-१६ या एकाच हंगामात ४०२ टाकल्या. आणि करीमने वीस वर्षांत किती? एक. होय, एक.

जॉर्डनचं काय, असं जॉर्डनवाले विचारतील. सहा वेळा अंतिम फेरी, सहा विजेतेपदं, सहाही वेळा अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या काळात बचाव करणारा माणूस कमरेवर हात लावून अडवू शकत होता. २००४ नंतर त्यावर कडक शिट्ट्या वाजू लागल्या. डेट्रॉइट पिस्टन्सने १९८८, ८९, ९० अशी ओळीने तीन वर्षं त्याला धक्के देऊन देऊन घरी पाठवलं, मग तो अंगाने भरला आणि परत आला. हे सगळं खरं. पण जॉर्डनला एक फायदाही मिळाला, जो आधीच्यांना नव्हता. टीव्ही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे आठवडी बाजारात शिकागोच्या लाल बैलाचे टी-शर्ट यायचे आणि ते घालणाऱ्याला शिकागो कुठे आहे हे ठाऊक नसायचं. मीही त्यातलाच. जो दिसला तो लक्षात राहिला.

ज्याचं मोजलंच नाही, त्याचं काय?

बिल रसेल. बोस्टन सेल्टिक्सचा सेंटर. १९५७ ते १९६९, तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं. बोटं दहा, अंगठ्या अकरा. त्यातली शेवटची दोन तर त्याने एकाच वेळी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून जिंकली, आणि १९६६ मध्ये प्रशिक्षक झाला तेव्हा तो एनबीएतला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक होता. त्याचं मुख्य हत्यार ब्लॉक, म्हणजे समोरच्याची फेक हवेतच अडवणं. चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घ्यायच्या नाहीत, हलकेच आपल्या माणसाकडे टोलवायचा आणि तिथूनच धाव सुरू. बचावातूनही सामना जिंकता येतो हे त्याने दाखवलं.

तर आता पोरांनो, मोबाईलवर रसेलचे ब्लॉक शोधा. काहीच सापडणार नाही. कारण एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल निवृत्त झाला १९६९ ला आणि विल्ट १९७३ ला. म्हणजे ज्या दोघांनी हे कसब घडवलं, त्यांच्या नावापुढे त्या रकान्यात काहीच नाही. आणि त्याच रकान्यांची बेरीज करून आजची सॉफ्टवेअरं सर्वकालीन यादी लावतात. मी वीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या करतोय. ज्याची नोंद नाही त्याचं काम झालंच नाही असं धरणं ही फक्त सरकारी खोड नाही एवढं यावरून कळलं.

विल्ट पन्नासची सरासरी ठेवत होता त्याच १९६१-६२ च्या हंगामात सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार कुणाला गेला? रसेलला. तेव्हा मतदान खेळाडूच करायचे. रोज ज्यांच्याशी झुंजायचे त्यांचं मत होतं की जड जातो तो रसेल. १९८०-८१ पासून हे मतदान आमच्या धंद्यातल्या लोकांकडे आलं, लेखक आणि समालोचकांकडे. सुधारणा झाली की कसं, यावर मी बोलत नाही.

रसेल ज्या शहरासाठी खेळला त्या शहराने त्याला कसं वागवलं, तेही ऐका. बोस्टनजवळ रेडिंग या गावात त्याचं घर होतं. लोक घुसले, ट्रॉफ्या फोडल्या, भिंतींवर वंशद्वेषी शिव्या लिहिल्या आणि बिछान्यात विष्ठा टाकून गेले. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्झिंग्टनला प्रदर्शनी सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सेल्टिक्सच्या काळ्या खेळाडूंना खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि सहकाऱ्यांनी बॅगा भरल्या आणि सामना न खेळता परतले. त्याआधी जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला एल्जिन बेलरने हेच केलं होतं, संघातल्या काळ्या खेळाडूंना हॉटेलने खोली नाकारली म्हणून. १९७२ मध्ये रसेलची ६ नंबरची जर्सी बोस्टनच्या छताला टांगली गेली तेव्हा त्याने अट घातली होती की प्रेक्षक आत यायच्या आधी उरका. हॉल ऑफ फेमने १९७५ मध्ये बोलावलं तर गेला नाही. तिथली अंगठी स्वीकारली २०१९ मध्ये, चक कूपरला, म्हणजे एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या काळ्या खेळाडूला, मान मिळाल्यावरच. आधी जे होते त्यांना आधी द्या, हे त्याचं म्हणणं.

या एल्जिन बेलरविषयी जरा थांबून सांगतो, कारण पोरांच्या यादीत तो नव्हताच. हवेत तरंगत, दिशा बदलत फेक टाकायची जी तऱ्हा आपण जॉर्डनची म्हणून ओळखतो, ती आधी बेलरची. १९६१-६२ मध्ये हा लष्करी सेवेत होता. आठवडाभर वॉशिंग्टन राज्यातल्या छावणीत ड्यूटी आणि सुट्टी मिळेल तेव्हा विमान धरून सामन्याला. सराव नाही. तसे ४८ सामने खेळला आणि सरासरी ३८.३. आज खासगी विमान, आचारी, मालिश करणारे, झोपेचे तज्ज्ञ असतात, तरीही विश्रांतीसाठी सामने सोडणं इतकं वाढलं की २०२३-२४ पासून एनबीएला नियम करावा लागला, ६५ सामने खेळला नाहीत तर मोठे पुरस्कार विसरा. बेलरच्या संघाचं, लेकर्सचं विमान जानेवारी १९६० मध्ये सेंट लुईसहून परतताना बर्फाच्या वादळात सापडलं, वीज गेली आणि वैमानिकाने ते आयोवा राज्यातल्या कॅरोल गावाजवळ मक्याच्या शेतात उतरवलं. सगळे वाचले. आजकालचे विश्रांती घेतात म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. शरीर त्यांचं आहे. पण हे सोयीचं दिवसमान आपोआप उगवलं नाही.

ते कसं उगवलं, तर १४ जानेवारी १९६४ ला. बोस्टन गार्डन, ऑल-स्टार सामना, पहिल्यांदाच मुख्य वेळेत देशभर टीव्हीवर दिसणार. बाहेर बर्फ. आत एका खोलीत वीस खेळाडू दार लावून बसलेले. रसेल, विल्ट, बेलर, रॉबर्टसन, जेरी वेस्ट. मागणी काय? पेन्शन. आणि प्रत्येक संघाबरोबर एक पूर्णवेळ ट्रेनर, कारण दौऱ्यावर पाय मुरगळला तर पट्टी बांधायलाही माणूस नसायचा. संघटना १९५४ मध्ये बॉब कूझीने काढली होती, दहा वर्षं मालक टोलवत होते. त्या रात्री खेळाडू म्हणाले, शब्द द्या, नाहीतर कॅमेऱ्यांना रिकामं मैदान दाखवा. लेकर्सच्या मालकाने शिपायाकरवी बेलर आणि वेस्टला धमकीवजा निरोप धाडला. बेलरने उलट जो निरोप पाठवला तो या भिंतीवर लिहिण्यासारखा नाही. सामन्याची वेळ झाली, टळली, आणि मग आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी पेन्शनचा शब्द दिला. सामना सुरू झाला. बरं, हे करणारे कोण? यादीतले शेवटचे नाहीत, सगळ्यात वरचे. ज्यांचं काही अडलं नव्हतं आणि जे सगळं गमावू शकत होते असे.

पुढे ऑस्कर रॉबर्टसनने, संघटनेचा अध्यक्ष म्हणून, १९७० मध्ये दावा लावला. तोवर खेळाडू म्हणजे मालकाच्या दावणीला. करार संपला तरी दुसरीकडे जायची मुभा नाही. तडजोड व्हायला १९७६ उजाडलं. रॉबर्टसन १९७४ लाच निवृत्त झाला होता. म्हणजे लढला तो, मोकळे झाले पुढचे. लेब्रॉन २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून मायामीला गेला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्स्या जाळल्या. पण जाता येतं, ही सोय रॉबर्टसनच्या दाव्याची. आज करीचा वर्षाचा पगार पाच कोटी डॉलरच्या वर आहे. एनबीएने टीव्हीचे हक्क विकले ते अकरा वर्षांसाठी सुमारे ७,६०० कोटी डॉलरना.

आता सगळ्यात कडू भाग. १९६७ ते १९७६ अमेरिकेत एबीए नावाची दुसरी लीग होती. लाल-पांढरा-निळा चेंडू वापरणारी. थ्री पॉइंटरला प्रेक्षकांची गोडी तिने लावली, डंक स्पर्धा तिने काढली. १९७६ ला ती बंद पडली, चार संघ एनबीएत घेतले गेले. उरलेल्यांपैकी सेंट लुईसच्या संघाच्या मालकांनी भरपाई म्हणून टीव्हीच्या उत्पन्नात कायमचा वाटा लिहून घेतला. संघ नाही, खेळाडू नाहीत, तरी जवळपास चाळीस वर्षं घरबसल्या चेक. शेवटी २०१४ मध्ये एनबीएने ५० कोटी डॉलर मोजून बहुतांश वाटा सोडवून घेतला. आणि त्या लीगमध्ये घाम गाळलेले खेळाडू? ज्यांची सेवा एनबीएच्या पेन्शनमध्ये बसली नाही ते म्हातारे झाले, आजारी पडले, काही गेले. २०२२ च्या जुलैमध्ये, सेहेचाळीस वर्षांनी, एनबीए आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून सुमारे ११५ जणांसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. प्रत्येकाला खेळलेल्या एका हंगामामागे वर्षाला सरासरी ३,८२८ डॉलर. त्याला पेन्शन म्हणायचं नाही हेही ठरलं. कागदावर शब्द आहे 'दखल म्हणून दिलेली रक्कम'. आपल्याकडे मानधन हा शब्द ज्यांना मिळतो, त्यांना यातली मेख लगेच कळेल.

पण इथेच आजच्या पिढीची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. जुलै २०१६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने एकमताने ठरवलं की किमान तीन हंगाम खेळलेल्या निवृत्त खेळाडूंच्या आरोग्य विम्याचा खर्च संघटना करेल. पैसे कुणाचे? सध्या खेळणाऱ्यांचे. तेव्हा अध्यक्ष होता ख्रिस पॉल, पहिला उपाध्यक्ष लेब्रॉन जेम्स. मालकांकडून मागून नव्हे, आपल्या ताटातलं काढून दिलं. लेब्रॉनच्या चाळीस हजार गुणांपेक्षा मला ही एक नोंद मोठी वाटते, पण ती कुठल्याही यादीत मोजत नाहीत.

तर पोरांनो, तुमचा प्रश्न. शेवटच्या दोन मिनिटांत एक सामना जिंकायचा असेल तर मी चेंडू जॉर्डनच्या हातात देईन. वीस वर्षं संघ चालवायचा असेल तर लेब्रॉन, वाद नाही. करीने खेळाचा नकाशाच बदलला, तो पहिल्या दहांत. आणि एकच माणूस निवडा म्हणाल तर बिल रसेल, ब्लॉकच्या त्या कोऱ्या रकान्यासकट. बेलरला अकरावा ठेवतो. तो १९७१-७२ च्या हंगामात गुडघ्याने दगा दिल्यामुळे नऊ सामन्यांनंतर निवृत्त झाला. त्याच्या पुढच्याच सामन्यापासून लेकर्सने ओळीने तेहतीस सामने जिंकले आणि त्या वर्षी विजेतेपदही घेतलं.

पटलं नसेल तर रविवारी सकाळी सात वाजता कोर्टावर या. दुसऱ्या रिंगची जाळी मी आणतो, शिडी कुणीतरी बघा.